नकाशातलं धाकटं बेट

आमच्या बिल्डिंगीतल्या शरदचंद्र चौबळांविषयी कोणीतरी लिहायला हवं, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. ते कोणीतरी मी असेन असं मात्र कधी वाटलं नाही. मला लिहायची सवय नाही, आणि लिहिलेलं वाचून पाहिलं की ते दुसऱ्याच कुणाचं वाटतं. पण त्यांची मुलगी मीनल परवा येऊन म्हणाली, "भगवंतकाका, तुम्ही तेव्हा तिथे होता. जमेल तसं लिहा." म्हणून जमेल तसं लिहितो.

शरदराव आणि मी अंबरनाथला एकाच रंगाच्या कारखान्यात होतो. मी स्टोअरमध्ये, ते प्रयोगशाळेत. गिऱ्हाइकाने पाठवलेल्या नमुन्याशी रंगाची छटा जुळवायची, हे त्यांचं काम. लाल, हिरवा, निळा यांचं त्यांना काही वाटत नसे. जीव होता तो पांढऱ्यावर. "पांढरा असा एक रंगच नाही हो," ते म्हणायचे. "दुधाचा वेगळा, चुन्याचा वेगळा, धुतलेल्या धोतराचा वेगळा. बर्फाचा तर आपण पाहिलेलाच नाही." आणि मग ते खिडकीबाहेर बघत राहायचे. बाहेर कारखान्याची चिमणी आणि लांब मलंगगडाचा डोंगर. पण बघताना त्यांच्या डोळ्यांत यातलं काही नसायचं. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडा ठेवून ते असे कितीदा तरी कुठेतरी जाऊन यायचे. कुठे जातात ते मला पुष्कळ उशिरा कळलं.

ते जात होते एका बेटावर.

त्याची गोष्ट अशी. चौबळांचं मूळ घर बदलापूर गावातलं. वडील शाळामास्तर. त्यांच्याकडे एक जाडजूड इंग्रजी नकाशांचं पुस्तक होतं, कुणा साहेबाने जाताना दिलेलं. दुपारी वडील शाळेत गेले की दोघे भाऊ ते पुस्तक जमिनीवर पसरून पालथे पडायचे. थोरले शशिकांत, धाकटे शरद, दोघांत चार वर्षांचं अंतर. खेळ असा की बोट मुंबईवर ठेवायचं आणि समुद्रातून जहाजासारखं चालवत न्यायचं, जमिनीला लागू द्यायचं नाही. एकदा शशिकांतचं बोट आफ्रिका ओलांडून खाली खाली गेलं. जिथे नुसताच फिकट निळा रंग होता तिथे त्यांना दोन टिंबं दिसली. एक जरा मोठं, एक त्याच्या शेजारी अगदी बारीक.

"दादा, इथे कोण राहतं?"

शशिकांतने वडिलांना विचारून ठेवलं. कोणी राहत नाही. बर्फाचं बेट आहे, तिथे माणूस टिकत नाही.

"म्हणजे कोणाचंच नाही," शशिकांत म्हणाला. "मग आपलं. मोठं माझं, धाकटं तुझं."

शरदरावांनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांचं वय पन्नाशीच्या पुढे होतं, पण 'धाकटं तुझं' म्हणताना त्यांनी चिमटीत खरोखरच काहीतरी धरल्यासारखं केलं.

पुढे नोकरी लागल्यावर त्यांनी त्या बेटाचा पिच्छा धरला. कारखान्याच्या कामाने मुंबईला गेले की एखादा तास काढून मोठ्या वाचनालयात जायचे, जाडे ग्रंथ उघडून बसायचे. एके दिवशी तिथून परत आले. दोन दिवसांनी मला म्हणाले, "भगवंतराव, माझं बेट नव्हतंच."

"म्हणजे?"

"नव्हतंच. कुणा कप्तानाला धुक्यात भास झाला. शंभर वर्षं नकाशात छापत राहिले. मग लोक शोधायला गेले, तर तिथे नुसतं पाणी. बेट एकच. दादाचं."

मला हसू येणार होतं, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून आलं नाही.

आता दोघा भावांमधलं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. चौबळांचा गणपती दीड दिवसाचा आणि तो बदलापूरच्या घरी. एका घराचा एकच गणपती, ही त्यांच्याकडची रीत. शरदराव लग्नानंतर अंबरनाथला शिवमंदिराच्या बाजूला राहायला आले तरी गणपतीला सगळे बदलापूरलाच. पण मीनल लहानपणी तापाने आठ-पंधरा दिवस अंथरुणात होती, तेव्हा तिच्या आईने, पद्मजावहिनींनी, नवस बोलला. पोर उठून बसली की गणपती माझ्या घरी आणीन. पोर उठली. वहिनींनी गणपती आणला.

शशिकांतराव तेव्हा एवढंच म्हणाले, "नवस फेडायला बदलापूरचा गणपती नव्हता का? दोन पाट मांडले म्हणजे दोन घरं झाली."

भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं, असं शरदराव म्हणायचे. लग्नकार्यात दोघे भेटत, बोलत. पण शशिकांतराव गणपतीत अंबरनाथला कधी आले नाहीत, आणि मग हळूहळू एरवीही यायचे थांबले. शरदराव मात्र दर वर्षी पहिल्या दिवशी संध्याकाळच्या आरतीला बदलापूरला जायचे. एकदा मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. आरती झाली. घरातल्या सगळ्यांनी हात पुढे केले, शशिकांतरावांनी प्रत्येकाच्या हातावर प्रसाद ठेवला. शरदरावांनी हात पुढे केला. शशिकांतराव म्हणाले, "थांब, तुम्हाला ताटलीत देतो." आणि आम्हा दोघांना स्टीलच्या ताटल्यांत मोदक, वर चमचा. पाहुण्यांना देतात तसा.

परतताना शरदराव झपाझप स्टेशनापर्यंत चालत गेले. मग म्हणाले, "चमचा कशाला दिला हो?"

हे सगळं असंच राहिलं असतं. पण अठ्ठ्याऐंशी सालच्या श्रावणात बातमी आली की शशिकांतराव दिवाळीनंतर इंदूरला मुलाकडे जाणार, कायमचे. बदलापूरचं घर बिल्डरला दिलं. म्हणजे बदलापूरचा हा शेवटचा गणपती. त्या दिवशी शरदरावांनी डबा उघडलाच नाही. संध्याकाळी माझ्याकडे येऊन खुर्चीच्या कडेवर बसले.

"यंदा आरास मी करणार आहे. बेट करणार आहे."

"कुठलं?"

"आपलं," ते म्हणाले. "दादाने एकदा येऊन ते बघावं. इंदूरला जायच्या आधी. बाकी काही नको."

थर्माकोल आणायला आम्ही दोघे उल्हासनगरला गेलो, कॅम्प पाचमध्ये. तिथे टेकचंद म्हणून एका सिंधी शेठचं पॅकिंगच्या मालाचं दुकान होतं. शरदरावांनी खिशातून कागद काढून बेटाचा आकार दाखवला. टेकचंदशेठने तो उलटा धरला, सुलटा धरला.

"साईं, हे काय? कैलास?"

"नाही. बेट आहे. दक्षिणेला, अगदी खाली."

"किस का है?"

"सरकारी म्हणाल तर नॉर्वेचं. पण राहत कोणी नाही."

"कोई नहीं? एक आदमी भी नहीं?"

"एकही नाही."

टेकचंदशेठने चष्मा कपाळावर चढवला. "अरे साईं, आम्ही आलो तेव्हा इधर भी कोई नहीं था. मिलिट्रीचे खाली बराके. रात को माझी मा रडत होती, बोलती थी ये कैसी जगह में लाया. आता बघ, पाय ठेवायला जागा नाही." मग त्याने गड्याला वरच्या फळीवरचा जाड माल काढायला सांगितला. "बढिया वाला घे. खाली जगहवर कधी कोणी येईल, काय सांगता येतं?"

शरदराव त्या वाक्यावर इतके खूश झाले की वाटेत दोनदा मला ते म्हणून दाखवलं.

मग पंधरवडाभर आमच्या मजल्यावर बर्फ पडत होता. शरदराव गरम तारेने थर्माकोल कापायचे, त्याचे बारीक दाणे जिन्यातून, चपलांतून, माझ्या घरच्या तुळशीपर्यंत पोचायचे. बेट चार फूट लांब झालं. मधोमध बुटका, रुंद डोंगर. डोंगराच्या माथ्यावर वाटीसारखा खळगा, कारण मुळात तो ज्वालामुखी आणि त्याचं तोंड बर्फाने भरलेलं. चारी बाजूंनी सरळ तुटलेले कडे, थेट समुद्रात. समुद्र म्हणजे वहिनींची जुनी निळी साडी.

पांढऱ्यासाठी त्यांनी कारखान्यातल्यासारख्या छटा बनवल्या, पाण्यातल्या रंगाच्या. माथ्यावर वेगळा, कपारीत निळसर, समुद्राजवळ किंचित हिरवा. दुरून सगळं पांढरंच दिसायचं. पण खोलीत गेलं की उगीचच आवाज खाली यायचा. मी दोनदा चपला बाहेर काढून आत गेलो आहे, जिथे कधी काढत नव्हतो.

घोटाळा झाला तो काळ्याचा. कड्यांचा दगड काळा, पण पाण्यातला काळा रंग सुकला की राखाडी दिसायचा. शरदरावांनी कारखान्यातून ऑइलपेंटचा डबा आणला. पश्चिमेच्या कड्याला ब्रश लावला आणि ते हात पुसायला आत गेले.

"बाबा," मीनल बाहेरून म्हणाली, "बेट विरघळतंय."

ऑइलपेंटमधलं टर्पेंटाइन थर्माकोल खातं, हे रंगाच्या कारखान्यातल्या झाडूवाल्यालाही माहीत. आणि हा माणूस तीस वर्षं रंगातच. आम्ही बघत होतो आणि अख्खा कडा आत आत बसत गेला, फेस यावा तसा, आणि शेवटी तिथे एक काळा, खडबडीत, चपटा खळगा तेवढा उरला.

"आता?" वहिनी म्हणाल्या. "चतुर्थी परवावर आली."

शरदराव वाकून खळग्याकडे बघत होते. मला वाटलं, आता हे खाली बसतील. पण ते वळले तेव्हा त्यांचा चेहरा उजळलेला होता. "अहो, हे असंच आहे. पश्चिमेला खरंच कडा कोसळलाय, तीसेक वर्षांपूर्वी. त्या पडझडीतून एक सपाट जागा तयार झाली. बेटावर पाय ठेवायला जरा बरी अशी तीच. मी ती करायला विसरलोच होतो."

"मग देवानेच केली म्हणा," वहिनी म्हणाल्या आणि केरसुणी घेऊन आल्या.

दुसरा प्रश्न देवाचाच होता. शरदरावांचं म्हणणं, मूर्ती बेटासमोर ठेवावी. बेटावर कोणी राहत नाही, तेव्हा बेट मोकळंच हवं. वहिनींना हे मुळीच पटलं नाही. "मखर केलं आणि देव बाहेर उभा केला, असं कुठे असतं? लोक काय म्हणतील?" शेवटी पाट बर्फाच्या मधोमध बसवायचं ठरलं. शरदराव थोडा वेळ नाराज होते, मग स्वतःशीच म्हणाले, "चालेल. बाप्पाला माणसांत मोजत नाहीत."

आराशीला निवेदनाची कॅसेट हवी, हे मीनलचं डोकं. आवाजही तिचा. मजकूर शरदरावांनी सांगितला. ती कॅसेट मी इतक्यांदा ऐकली आहे की बरीचशी अजून पाठ आहे. सुरुवातीला थोडी बासरी, शेजारच्या घरातल्या कुकरची एक शिट्टी, आणि मग मीनल:

"दक्षिण अटलांटिक महासागर. आफ्रिकेचं टोक दीड हजार मैल मागे राहिलं. अंटार्क्टिका अजून हजार मैल पुढे आहे. मध्ये हे एकटं बेट, बूव्हे त्याचं नाव. जवळजवळ सगळं बर्फाखाली झाकलेलं. झाड नाही, गवत नाही. थोडं शेवाळ, थोडे पक्षी, किनाऱ्याला पेंग्विन आणि सील. इथे माणूस कधी राहिलेला नाही.

"सतराशे एकोणचाळीस सालच्या पहिल्या दिवशी एका फ्रेंच कप्तानाला ते धुक्यात दिसलं. त्याला वाटलं, हे मोठ्या खंडाचं टोक आहे. धुकं इतकं की उतरता आलं नाही, आणि जागा लिहून ठेवली तीही चुकीची. नंतर मोठमोठे दर्यावर्दी त्या जागी गेले. तिथे पाणीच होतं. म्हणाले, बेट नाहीच. बेट मात्र जिथे होतं तिथेच होतं. जवळजवळ सत्तर वर्षं ते कुणाला सापडलं नाही.

"पुढे आणखी एका कप्तानाला तिथे दोन बेटं दिसली. एक मोठं, एक धाकटं. नकाशात दोन टिंबं छापली गेली. पुष्कळ वर्षांनी लोक मुद्दाम शोधायला गेले. धाकटं बेट कुठेच नव्हतं. ते कधी नव्हतंच. बेट पहिल्यापासून एकच होतं."

इथे मीनल जरा थांबते. तिला थांबायला सांगितलं होतं.

"एकोणीसशे चौसष्ट साली काही लोक बेटावर उतरले, तेव्हा पश्चिमेच्या सपाटीवर, एका छोट्या तळ्यात, त्यांना एक नाव सापडली. रिकामी. आसपास माणूस नाही, माणसाची खूण नाही. ती कोणाची, कुठून आली, हे अजून कळलेलं नाही."

नाव शरदरावांनी भुईमुगाच्या अर्ध्या टरफलाची केली आणि त्या काळ्या खळग्यात ठेवली.

आता निरोप. शरदरावांना स्वतः जाऊन 'ये' म्हणायचा धीर नव्हता. बदलापूर गावची गोदूबाई रोज सकाळी आमच्याकडे भाजी घेऊन यायची, तिचं घर चौबळांच्या घरामागेच. तिच्याजवळ निरोप दिला, "दादाला सांग, आपलं बेट केलंय. बघायला ये."

चतुर्थीच्या दिवशी सकाळी तिला विचारलं.

"सांगलं मी," गोदूबाई म्हणाली. "त्यांनी आयकलं. मंग मना बोलले, गोदू, आळू खाजरं नाय ना?"

"बस? एवढंच?"

"आळू घेतलं ना दोन जुड्या."

प्रतिष्ठापना झाली. दिवसभर माणसं येत राहिली. निळा दिवा लावलेला, समोर धुपाटणं. पंख्याच्या वाऱ्याने धूर बेटाभोवती फिरायचा आणि मधूनमधून बेट खरंच दिसेनासं व्हायचं. धूर विरला की पुन्हा तिथेच. आलेला प्रत्येक जण हात जोडून म्हणायचा, "वा, कैलास छान झालाय." आमच्याकडे शिवमंदिर जवळ, त्यामुळे लोकांना दुसरं काही सुचतच नसे. शरदराव प्रत्येक वेळी सांगायचे, "कैलास नाही, बेट आहे," आणि कॅसेट लावायचे. लोक बासरी संपेपर्यंत थांबायचे. खालच्या पुतळाबाई मात्र पूर्ण ऐकून म्हणाल्या, "सगळं खरं, पण शंकर कुठे बसवलाय?" आणि जाताना पश्चिमेच्या काळ्या दगडावर बेलाचं पान वाहून गेल्या.

"राहू दे," शरदराव म्हणाले. "तेवढीच हिरवळ."

संध्याकाळी ते नेहमीप्रमाणे बदलापूरला आरतीला गेले नाहीत. दादा इकडे निघाला आणि आपण तिकडे, अशी चुकामूक नको म्हणून. जिन्यात वाजणाऱ्या दर पावलाला दाराकडे बघत होते. शशिकांतराव आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. गोदूबाई भाज्यांचा वाटा घेऊन आली. टोपली उतरवून ती बेटासमोर बसली. पहिल्यांदाच नीट बघत होती. कॅसेट तिने संपेपर्यंत ऐकली.

"काल रातच्याला तुमचे भाऊ आले माझे ओट्यावर," ती म्हणाली. "मना इचारतात, गोदू, शरदने बेटं किती केलीत? मी बोललं, येकच."

शरदरावांनी तिच्या हातातली पडवळं घेतली, परत तिच्याच टोपलीत ठेवली. "मग? काय म्हणाला?"

"काय नाय. बसले वायच. मंग उठून गेले."

ती गेल्यावर शरदरावांनी धुपाटण्यात धूप घातला. नंतर मला हळूच म्हणाले, "त्याला ती दोन टिंबं आठवतायत."

दीड दिवसाचा गणपती, म्हणजे त्याच दुपारी विसर्जन. शक्य तितका उशीर केला. उत्तरपूजा झाली, आरती झाली, वहिनी दोनदा म्हणाल्या, "आता निघायला हवं," तरी शरदरावांना आणखी एक आरती म्हणायची होती. शेवटी मूर्ती पाटासकट उचलली तेव्हा ते दाराकडे बघायचेही थांबले होते. शिवमंदिराच्या बाजूला ओढ्यावर आम्ही विसर्जन केलं. परतताना रीतीप्रमाणे तिथली चिमूटभर माती पाटावर घ्यायची, पाट घरी आणून पुन्हा मखरात ठेवायचा, पुढे दिवा लावायचा. जागा एकदम रिकामी करायची नाही. ज्या घरचा गणपती, त्या घरी पाट परत यायला हवा.

बेटावर पाट ठेवला. वहिनींनी दिवा लावला. मूर्ती नसल्याने बर्फ एकदम मोठा वाटायला लागला. त्या ज्योतीचा पिवळा उजेड पांढऱ्यावरून सरकत होता आणि कपारींतला निळा आता कुठे दिसत होता. मीनल मागे उभी होती.  शरदरावांना हवं होतं तसं बेट आता झालं होतं, आणि ज्याच्यासाठी केलं तो आला नव्हता. त्यांनी कॅसेटचा प्लग काढून वायर गुंडाळायला घेतली.

दार उघडंच होतं. दारात शशिकांतराव उभे होते.

सदरा पाठीला चिकटलेला, धोतराचा काठ गुडघ्यापर्यंत ओला, आणि दोन्ही हातांत छातीशी धरलेला एक जुना, काळा पडलेला पाट. पाटावर रुमाल झाकलेला.

 ते म्हणाले, "रिक्षावाला शिवमंदिर शिवमंदिर करत भलतीकडेच फिरवत होता."

"दादा, या," वहिनी म्हणाल्या. "पण... गणपती तर आत्ताच गेले."

"माहीत आहे. म्हणून तर आलो." ते आत आले. "गणपती असताना आलो असतो तर दोन गणपती झाले असते. आता नुसतं बेट बघायला आलोय. ते बघायला काय हरकत आहे?"

पाट तसाच धरून ते बेटासमोर गेले. डोंगराचा माथा, खळगा, कडे, एकेक नीट बघितलं. कपारीतल्या निळ्याजवळ वाकले. मग तो काळा कोपरा.

"हे काय झालं?"

"ऑइलपेंट," शरदराव म्हणाले.

"थर्माकोलवर?"

"हो."

"शऱ्या," शशिकांतराव म्हणाले, "तू मास्तरांचा मुलगा शोभत नाहीस." शऱ्या ही हाक मी त्या घरात पहिल्यांदा ऐकली. वायर हातात तशीच धरून शरदराव हसत होते.

मग कॅसेट लावली. शशिकांतराव उभ्यानेच ऐकत राहिले. बासरी, कुकरची शिट्टी, फ्रेंच कप्तान, धुकं. 'बेट पहिल्यापासून एकच होतं' इथे मीनलचा आवाज थांबला, तेव्हा त्यांनी भावाकडे न बघता विचारलं, "म्हणजे तुझं नव्हतंच?"

"नव्हतं."

"मी तुला नसलेलं बेट दिलं."

"तुला कुठे माहीत होतं, दादा."

कॅसेट पुढे चालू होती. रिकामी नाव सापडल्याचं आलं. शशिकांतरावांनी भुईमुगाचं टरफल बघितलं आणि इतका वेळ ताठ असलेला त्यांचा चेहरा एकदम सैल पडला. "ती नाव कोणाची हे कळलं नाही म्हणतायत?"

"नाही कळलं."

"ती आपली असणार," ते म्हणाले. "आपण बोटाने इतक्यांदा गेलो. एखाद्या वेळी परत आणायची राहिली असेल."

त्यांनी पाटावरचा रुमाल काढला. खाली उल्हास नदीची काळसर, ओली वाळू होती. बदलापूरला नदीवर विसर्जन करून घरी न जाता ते तसेच इकडे आले होते. त्यातली चिमूटभर वाळू त्यांनी खळग्यात, नावेशेजारी, पसरली. ती त्या जागी अशी बसली की रंगाची छटा जुळवणाऱ्या शरदरावांना सहा महिने दिले असते तरी तसा काळा साधला नसता.

"आणि हा पाट, दादा?" वहिनींनी विचारलं. "घरी जाऊबाई वाट बघत असतील."

"ती दिवा लावून बसली असेल. विचारेल, पाट कुठाय." त्यांनी हातातल्या पाटाकडे बघितलं. "सांगेन, घरी ठेवला."

शरदरावांनी पुढे होऊन आपला नवा पाट बेटावरून काढला. त्यावरची ओढ्याची माती अलगद जुन्या पाटावर, नदीच्या वाळूत मिसळली, आणि वडिलांच्या वेळचा तो पाट बर्फाच्या मधोमध ठेवला. ठेवताना थर्माकोलचा एक तुकडा मोडून निळ्या साडीत पडला. तो कोणी उचलला नाही. अजूनही ते बेट मीनलच्या माळ्यावर आहे, पिवळं पडलंय, आणि तिथे तो तुकडा नाही. पुढची सगळी वर्षं, शरदराव होते तोवर, गणपती त्या एका पाटावर, अंबरनाथला बसला. इंदूरहून शशिकांतराव दर वर्षी आले. पण हे नंतरचं.

त्या संध्याकाळी वहिनी आतून प्रसाद घेऊन आल्या. नऊ वर्षांनी आलेले थोरले दीर, म्हणून चांदीची ताटली, वर चमचा. शशिकांतरावांनी ताटलीकडे बघितलं, मग शरदरावांकडे. शरदराव खाली बघत होते.

"चमचा कशाला?" शशिकांतराव म्हणाले आणि उजव्या हाताचा तळवा पुढे केला. त्याला अजून नदीची वाळू लागलेली होती. "शरद, तू दे."

शरदरावांनी मोदक उचलून त्या हातावर ठेवला.